न भाजलेली दोन बोटं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर सांगायलाच हवं होतं, कारण गोष्ट तिच्या भावाची आहे.

आधी एक साफ सांगतो – भूतखेत, चकवा, लागीर, यांतलं काही मी कधी मानलं नाही. नगरच्या एका हायस्कुलात मी भूगोल शिकवतो. वर्गात पोरांनी असलं काही काढलं की मी खडू फेकून मारायचो. मासिकाच्या या सदरातले अनुभवही मी नेमाने वाचतो ते त्यांतली खोट शोधायला. माझ्या अनुभवातही एक खोट आहे. ती माझीच आहे. जागेवर आली की सांगेन.

महायुद्ध चालू होतं, तेव्हाची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. माझा मेहुणा दत्तू – माझ्या बायकोचा, इंदूचा, धाकटा भाऊ – त्या पावसाळ्यात न्यूमोनियातून उठला होता. नेवाशाला तो आणि सासूबाई, दोघंच राहायचे. सासरे लवकर गेलेले. वय विशीचं, पण छाती अशी बसलेली की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा.

नेमकं तेव्हा मी एक इंग्रजी पुस्तक वाचत होतो. युरोपातल्या डोंगरांत म्हणे माणसं पाठीवर थोडकं सामान घेऊन रोज एका झोपडीतून निघतात आणि संध्याकाळी दुसऱ्या झोपडीत मुक्कामाला पोचतात. नवशिक्यालाही जमेल, असं लिहिलेलं. माझ्या डोक्यात ते बसलं. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात केवढे डोंगर आहेत! मी वर्षानुवर्षं पोरांकडून कळसूबाईची उंची पाठ करून घेत होतो आणि कळसूबाई पाहिली होती ती एकदाच, लांबून. मी नकाशा काढला. भंडारदऱ्याहून रतनवाडी, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पुढे पाचनई, शेवटी हरिश्चंद्रगड. रोज थोडं चालायचं आणि वस्तीत, नाहीतर गुराख्यांच्या झोपडीत राहायचं.

"जावईबापू, त्याला अजून धाप लागते हो," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच नेतोय. डोंगराची हवा लागेल. आणि मी आहे ना."

"आई, दाजी मला नकाशात चालवणार आहेत," दत्तू आतून म्हणाला. "नकाशात धाप लागत नाही."

सासूबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. मी आहे ना, या शब्दांवर त्यांनी पोरगा माझ्या हवाली केला.

त्या दिवसांत रॉकेल मिळत नव्हतं, टॉर्चचे सेल मिळत नव्हते. काडेपेटीसुद्धा ओळखीने मिळायची. आमच्याकडे एकच होती. मी ती पत्र्याच्या डबीत घातली, वरून मेणकापड गुंडाळलं आणि डबी कोटाच्या खिशात ठेवली.

"निम्म्या काड्या माझ्याकडे द्या की," दत्तू म्हणाला.

"तू ओढ्यात पडशील आणि भिजवशील."

नगरहून संगमनेर, तिथून अकोले, मग राजूर. मोटार कोळशाच्या गॅसवरची. चढ आला की ती थांबायची, मग आम्ही उतारू खाली उतरून मागून ढकलायचो. "दाजी, चालायची ट्रिप इथूनच सुरू झाली वाटतं," दत्तू धापा टाकत म्हणाला. पण डोळ्यांत चमक होती. किती तरी महिन्यांनी तो घराबाहेर पडला होता.

पहिला मुक्काम धरणाजवळच्या वाडीत, एका घराच्या पडवीत झाला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेकडेने आम्ही रतनवाडीला पोचलो. तिथे ठकूबाई नावाच्या बाईने ओसरी दिली, ओसरीतली चूल दिली. सकाळी निघताना मी लोटा उचलला आणि चुलीवर ओतणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"आवं, काय करताय मास्तर? इस्तू इझवायचा नस्तो!"

"छप्पर गवताचं आहे बाई. विस्तव तसाच ठेवला आणि ठिणगी उडाली तर?"

"राखंत झाकला तर कशाला उडतीया? मागनं कोन गारठून आला तर त्याला फुकायला काय तरी नको का?"

तिने दाखवलं. निखारे मधोमध ओढायचे, हाताच्या पाठीने राख वर सारायची, राखेवर गोवरीचा तुकडा ठेवायचा. वर खिंडीच्या अंगाला गुराख्यांचे झाप आहेत, ती म्हणाली. झाप म्हणजे कुडाच्या भिंतीची, गवताने शाकारलेली झोपडी. पावसाळ्यानंतर ढोरं खाली आली की झाप मोकळे पडतात. कोणीही उतरावं, आणि जाताना विस्तव झाकून जावं. "काडी कुनापाशी असती आता? इस्तू मागच्याचा अस्तो," असं म्हणाली.

दत्तू उकिडवा बसून हे सगळं बघत होता. मी बूट बांधत होतो.

वाटेत एका ओढ्यात दत्तू शेवाळलेल्या धोंड्यावरून घसरला आणि पाय मुरगळला. मी म्हणालो होतो तसंच झालं, याचा मला – खोटं कशाला बोलू – जरा आनंदच झाला. माझ्या खांद्यावर भार टाकत टाकत तो झापापर्यंत आला. आत अंधुक उजेड, शेणाचा वास आणि मधोमध चूल. राख गार दिसत होती. दत्तूने लंगडत जाऊन ती सारली, फुंकर घातली आणि आत लाल डोळा उघडावा तसा निखारा दिसला.

"दाजी, तुमच्या पुस्तकातल्या झोपड्यांत हे होतं का?"

नव्हतं. आम्ही हसलो, चहा केला. तो मुक्काम फार चांगला झाला. आता आठवलं की त्याचंच जास्त वाईट वाटतं.

सकाळी दत्तू म्हणाला, पाय बरा आहे, निघू या. मी सामान बांधलं आणि लोटाभर पाणी चुलीवर ओतलं. चर्र आवाज झाला, राखेचा चिखल झाला.

"दाजी! ठकूबाई काय म्हणाली होती?"

"ठकूबाईने पुस्तक वाचलेलं नाही," मी म्हणालो. पुस्तकात छापलं होतं की झोपडी सोडताना आग पूर्ण विझवावी. इथे माझं मनगट धरायला कोणी नव्हतं.

दत्तू बाहेर पडला, थोडं चालला आणि मटकन खाली बसला. घोटा सुजून हा एवढा झाला होता. बूट काढताना त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्याला धरून परत आत आणला, घोंगडी दिली, ठकूबाईने बांधून दिलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेवला.

"मी कुमशेतला जातो," मी म्हणालो. "खिंडीपलीकडे उतरलं की गाव. माणसं आणि डोली घेऊन दुपारपर्यंत आलोच."

"जा दाजी. मी काय पळून जातोय?"

बाहेर लख्ख ऊन होतं. विस्तवाचा विचार माझ्या मनात आला नाही, त्याच्याही आला नसावा.

खिंडीच्या अलीकडे एक कातळाचा टप्पा आहे. तो मी चारी हातापायांनी चढलो. चढताना खाली पाहिलं नाही. वर पोचलो तोवर वारा सुटला होता आणि बघता बघता सगळीकडून ढग आले. त्या दिवसांत पाऊस यायला नको होता, पण आला. आणि आला तो गार. मी एका कपारीत शिरलो, हात गारठले म्हणून कोटाच्या खिशांत घातले…

उजव्या हाताला डबी लागली.

तिथे मी किती वेळ उभा होतो ते सांगता येत नाही. सगळं समजलं होतं. चूल विझलेली, ती मीच विझवली. काडेपेटी माझ्याकडे. छप्पर गळणार. आणि आत बसलेल्या पोराची छाती आत्ता कुठे भरून येत होती. परत फिरलो असतो तर भर उजेडात त्याच्यापाशी पोचलो असतो. माझे पाय धड होते. मी कातळाच्या तोंडाशी गेलो आणि खाली पाहिलं. त्यावरून पाणी वाहत होतं.

मी वळलो आणि कुमशेतची वाट धरली. मनाशी म्हणालो, माणसं लगेच पाठवू. माणसं पाठवणं हेच जास्त शहाणपणाचं.

कुमशेतात पहिलं घर लागलं ते धोंडूचं. धोंडू माझ्याच वयाचा, शांत माणूस. घरात त्याची म्हातारी आई आणि शेळ्या. मी भिजून थरथरत दारात उभा राहिलो. अजून उजेड होता, पावसाने घटकाभर उघडीपही दिली होती. धोंडू खिंडीकडे बघत म्हणाला, "पाव्हनं, एवढ्या पावसाचं? एकलेच आले का?"

आणि मी म्हणालो, "हो. एकटाच."

हीच ती खोट. का म्हणालो? दोन माणसं आहोत म्हटलं असतं तर धोंडू त्याच पावली निघाला असता, तो तसाच माणूस होता. आणि झाप दाखवायला मला त्याच्याबरोबर जावं लागलं असतं, त्या कातळावरून. एक शब्द बोलून गेलो. मग पुन्हा तोंड उघडायचं तर आधीचा शब्द खोटा ठरत होता. सकाळी सांगू म्हटलं. पाऊस थांबेल, सकाळी सांगू.

मला झोप लागली नाही असं लिहावंसं वाटतं. पण मी झोपलो. म्हातारीने वाढलेला गरम भात खाल्ला, चुलीशेजारी घोंगडीवर पडलो आणि गाढ झोपलो. बिबट्या शेळ्यांसाठी येतो म्हणून धोंडू दाराला आडवा झोपला होता.

सकाळी आभाळ धुऊन निघालेलं. मी धोंडूला म्हणालो, "वर झापात माझा मेहुणा आहे. पाय मुरगळलाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आन् काल?"

मी बूट घालायला वाकलो. त्याने परत विचारलं नाही. शेजारच्या एका गड्याला हाक मारली, दोर घेतला, डोलीसाठी बांबू घेतला आणि आम्ही निघालो. कातळावरून त्याने मला कमरेला दोर बांधून उतरवलं. मी मनात एकच हिशोब करत होतो – सासूबाईंना काय सांगायचं. इतका मी तेव्हा त्याला गेलेला धरून चाललो होतो.

झाप दिसला तेव्हा त्याच्या छपरातून धूर निघत होता.

आत दत्तू भिंतीला टेकून बसला होता. अंग कोरडं, गाल शेकून लाल झालेले. चुलीत विस्तव होता. मला बघून तो हसला.

"या दाजी. लौकर आलात. मला वाटलं दुपार करता. कधी निघालात? मला जागच आली नाही."

"कुठून निघालो?"

"इथून! रात्रभर जागून डोकं फिरलं का तुमचं?" मग तो पुढे झुकला. "हात कसा आहे? बघू."

"कुठला हात?"

"आता बघा! निखारा पडला तो नुसत्या हाताने उचललात ना. ही दोन बोटं," त्याने स्वतःच्या उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची दोन बोटं दाखवली. "फोड आला होता की."

मी हात खिशात घातला. डबी तिथेच होती.

मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. पाऊस लागला, छप्पर गळायला लागलं, दत्तूला हुडहुडी भरली. त्याने सामानात काडेपेटी शोधली, मिळाली नाही. दिवस मावळता मावळता मी दारात आलो. डोक्यावरून घोंगडी, आणि घोंगडीखाली एका मडक्याच्या खापरात झाकून आणलेला विस्तव. मी चिखल झालेली राख हाताने काढून टाकली, चूल पेटवली, त्याचे कपडे वाळवले, घोटा शेकला, आणि रात्रभर चुलीशी बसून राहिलो. जास्त बोललो नाही.

"जास्त म्हणजे?" मी विचारलं.

दत्तूने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "काही नाही," म्हणाला.

चुलीशेजारी खापर पडलं होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं – काळं पडलेलं, एका बाजूला फुटलेलं. आदल्या दिवशी ते तिथे नव्हतं. धोंडूने ते उचललं, फिरवून पाहिलं, खाली ठेवलं. दत्तूच्या कपाळाला हात लावला. मग मला बाहेर घेऊन गेला.

"मास्तर, रातच्याला तुमी माझ्या घरात हुते."

"होतो."

"मी दाराला आडवा हुतो."

"हो."

"मंग ह्यो दाजी दाजी कुनाला म्हनतोय?"

"ताप असेल. तापात होतं असं."

"ताप न्हाई त्याला." त्याने आवाज आणखी खाली आणला. मी पाहिलं, तो माणूस घाबरला होता. "मंग त्यो कोन? आन्… तुमी कोन?"

मी ओढ्यावर जातो म्हणालो. ओढ्यावर बसलो, हात धुतला, बोटं पाहिली. काही नव्हतं. कातडी अगदी धड. मग मी खिशातून रुमाल काढला, ओला केला आणि ती दोन बोटं बांधली.

हे मी कोणत्याही भ्रमात केलं नाही. पूर्ण शुद्धीत केलं. गाठ डाव्या हाताने बसत नव्हती, म्हणून एक टोक दातांत धरून बांधली.

परत आलो तेव्हा दत्तूने रुमाल पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडूनेही रुमाल पाहिला. निघताना मी विस्तव झाकायला वाकलो – निदान आता तरी, असं वाटलं – तर तो म्हणाला, "तुमी हात लावू नका." दत्तूनेच बसल्या बसल्या राख सारली, गोवरी ठेवली. परतीच्या वाटेवर धोंडूने मला सतत पुढे चालायला लावलं. माझ्याकडे पाठ केली नाही. कुमशेतात म्हातारीने मला घरात घेतलं नाही. तांब्या बाहेर ओट्यावर ठेवला आणि आधी माझी पावलं सरळ आहेत ना ते वाकून पाहिलं. धोंडूने आसपासच्या वाड्यांवर विचारलं. त्या पावसात खिंडीकडे कोणीच गेलं नव्हतं.

नेवाशाला सासूबाईंनी माझा तो बांधलेला हात दोन्ही हातांत धरून डोळ्यांना लावला. "माझा लेक तुम्ही आणून दिलात," म्हणाल्या. इंदू म्हणाली, पट्टी बदलून देते. मी म्हटलं, कंपाउंडरने उघडायला मनाई केलीय. ती पट्टी मी बरेच दिवस वागवली. मग एके दिवशी काढली आणि म्हणालो, निलगिरीच्या तेलाने डागसुद्धा राहिला नाही. पुढे कुठल्याही लग्नात, मुंजीत, सासूबाई मला लोकांपुढे करायच्या – हे आमचे जावई, यांनी पावसात डोंगर उतरून… लोक बोटांकडे बघायचे. मी हात मागे घ्यायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

मी भूगोलाचा मास्तर. उत्तर शोधल्याशिवाय कसा राहीन? मी स्वतःची समजूत घातली होती ती अशी – कोणी तरी वाटसरू, गुराखी, आडोशाला आला असेल. त्याच्याजवळ रीतीप्रमाणे विस्तव असेल. दत्तू गारठून अर्धवट शुद्धीत. त्याला माझी वाट पाहून पाहून मीच दिसलो. विस्तव झाकायची रीत त्याने ठकूबाईकडे पाहिलेली होतीच. या समजुतीत फट होती, पण तिच्यावर मी इतकी वर्षं काढली.

मग यंदा सासूबाई गेल्या. दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी मी आणि दत्तू प्रवरेच्या काठी बसलो होतो. दत्तू आता पाथर्डीला मास्तर आहे, दोन मुलांचा बाप आहे, अंगाने भरलाय. नदीकडे बघत तो म्हणाला, "दाजी, आज एक बोलू का? तुम्ही काढू नको म्हणाला होता, म्हणून मी इतकी वर्षं काढलं नाही."

"मी कधी म्हणालो?"

"झापात. त्या रात्री. आईला मी फक्त विस्तवाचं सांगितलं. तुम्ही जे बोललात ते कधी कोणाला सांगितलं नाही. इंदूताईलाही नाही."

"काय बोललो?"

"सगळंच की. दत्तू, काडेपेटी माझ्या खिशात राहिली, म्हणालात. खिंडीत हाताला लागली. तेव्हाच फिरलो असतो तर उजेडात पोचलो असतो, पाय धड होते. पण त्या कातळावरून उतरायची भीती वाटली. आणि कुमशेतात विचारलं तेव्हा मी एकटाच आहे म्हणालो."

नदीवर कोणी तरी कपडे आपटत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"कुमशेतात?" मी कसाबसा म्हणालो.

"हो ना. मला तेव्हा ते नीट कळलं नाही. मी म्हटलंसुद्धा, कुमशेतला जाऊन आलात तर माणसं का नाही आणलीत? तर तुम्ही म्हणालात, सकाळी येतील. आणि म्हणालात, सकाळी मी येईन तेव्हा हे माझ्यापाशी काढू नकोस, मला सोसणार नाही." तो हसला. "खरं सांगतो, मला तुमचा फार राग आला होता. दिवसभर त्या काडेपेटीवरून मनात शिव्या देत होतो. पण तुम्ही बोललात आणि तो गेला. तुम्ही रडत होतात दाजी."

मी रडत नव्हतो. मी भात खात होतो.

"तोवर तुम्ही नुसते बहिणीचे नवरे होतात," दत्तू म्हणाला. "त्या रात्रीपासून माझे झालात." आणि त्याने माझा उजवा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "खरंच, डागसुद्धा राहिला नाही."

सांगायची वेळ हीच होती. सगळं त्याने स्वतःच माझ्यापुढे आणून ठेवलं होतं, मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"निलगिरीचं तेल," मी म्हणालो.

आता गुराख्याची समजूत चालत नाही. खिंडीत माझ्या हाताला काय लागलं ते कोणत्या गुराख्याला ठाऊक असणार? काडेपेटीचं दत्तूने ताडलं असेल, भीतीचंही कदाचित ताडलं असेल. पण धोंडूच्या दारात मी काय बोललो ते? ते धोंडू आणि मी, दोघांनाच माहीत. धोंडू दाराला आडवा होता. परतीच्या वाटेवर धोंडूने दत्तूला सांगितलं असेल आणि इतक्या वर्षांत दत्तूच्या मनात त्याची सरमिसळ झाली असेल… असंही मी जुळवून पाहिलं. पण धोंडूने ते सांगितलं असतं तर मी रात्रभर त्याच्याच घरात होतो, हेही सांगितलं असतं. आणि खापर? ते कुठून आलं?

मेलेल्या माणसाचं काही तरी मागे राहतं, असं लोक म्हणतात. मी तर जिवंत होतो, पोटभर जेवून झोपलो होतो. मग माझ्यातलं काही तरी उठून गेलं म्हणायचं, तर ते मला न उठवता का गेलं? त्याला कातळाची भीती कशी वाटली नाही? आणि ते माझ्यातलंच होतं तर मला एवढंही आठवू नये? की ते माझं नव्हतंच, नुसता माझा चेहरा घेऊन आलं? मला कळत नाही. कधी कधी आरशासमोर उभा असताना धोंडूचा तो प्रश्न ऐकू येतो आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही.

ज्याची बोटं भाजली त्याचं मी काही देणं लागत असेन तर ते फेडायचं कुठे, ठाऊक नाही. पण दत्तूचं ठाऊक आहे. हे मासिक पाथर्डीला त्याच्या शाळेत येतं. तो हे वाचेल. नावं म्हणूनच बदललेली नाहीत. तरी मी लिहिलेलं त्याने वाचणं म्हणजे मी त्याला सांगणं नव्हे, हे मला कळतं. त्याने ज्याला माफ केलं तो मी नव्हतो.

दत्तूला मी समोर बसून, माझ्या तोंडाने, एवढं सांगणं लागतो – त्या रात्री तुझ्यापाशी मी आलो नव्हतो. ते अजून सांगितलेलं नाही.